बत्तीसची फोर्ड रोडस्टर : घरच्या गॅरेजात रंगकाम आणि फेरजोडणी

डेटनकर (धागाकर्ता)

मागच्या धाग्यात गाडी उघड्या पत्र्यावर उभी होती. त्यानंतर बऱ्याच जणांनी रंगाबद्दल विचारलं, म्हणून सगळं एका जागी लिहितो. आता रंग होऊन गाडी परत जोडून झाली आहे, त्यामुळे काय केलं आणि का केलं, दोन्ही सांगता येईल.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. गाडी १९३२च्या फोर्डची रोडस्टर, म्हणजे पक्कं छत नसलेली. बॉडी जुनी नाही. आमच्या ओहायोतच, डेटनजवळ ब्रुकव्हिल गावात या बॉड्या आजही नव्या पत्र्यातून बनतात, त्यातली एक. व्हीलबेस मूळचाच, १०६ इंच. इंजिन फोर्डचं ३०२ घनइंची, गिअरबॉक्स टी-५ (पाच गिअरचा), मागचा अ‍ॅक्सल फोर्डचाच नऊ इंची. मडगार्ड लावलेले नाहीत. थोडक्यात, हॉट रॉड.

माझं मत आधीच सांगतो. गाडीचा रंग चांगला होणार की नाही, हे स्प्रे गन हातात घ्यायच्या बरंच आधी ठरलेलं असतं. गाडी कच्च्या अवस्थेत शेवटच्या बोल्टापर्यंत पूर्ण जोडा. दारं, हुड (बॉनेट), ग्रिल, काच, दिवे, वायरिंग, सगळं. थोडी चालवा. मग सगळं खोला, रंगवा आणि पुन्हा जोडा. काम दुप्पट होतं हे खरं, पण घरी गाडी बांधताना ही पायरी गाळली की पुढे रंगवलेल्या पत्र्याला ड्रिल लावायची वेळ येते.

रोडस्टरच्या बाबतीत हे जास्तच लागू पडतं. डोक्यावर छत नाही, त्यामुळे बॉडीला ताठपणा कमी आणि दाराची जागा सगळ्यात कमकुवत. बॉडी चासीवर बोल्टांनी बसते, मध्ये पट्टी आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या. काउलजवळच्या (दारांच्या पुढचा, समोरच्या काचेखालचा भाग) एका बोल्टाखाली एक शिम कमी-जास्त झाला तरी दाराची वरची फट उघडते किंवा मिटते. हे शिम ठरवताना चाकं जमिनीवर आणि इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, टाकी यांचं वजन चासीवर हवं. स्टँडवर ठेवलेल्या चासीवर फटी जुळवल्या तर गाडी खाली उतरली की त्या हलतात. मी चासीचा नकाशा वहीत काढला, प्रत्येक बोल्टाशी किती आणि कोणत्या जाडीचे शिम ते लिहिलं, आणि शिम त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवले. संपूर्ण प्रकल्पात मला सगळ्यात उपयोगी पडलेलं पान तेच.

फट किती ठेवायची? कारखान्यातून येणाऱ्या आजच्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. घरच्या गाडीवर एपॉक्सी प्रायमर, सर्फेसर (घासून सपाट करायचा थर), रंग असं करत २५० मायक्रॉन सहज होतात. दाराची कड आणि समोरची कड, दोन्हीवर तेवढा थर चढतो. म्हणजे अर्धा मिलिमीटर गेला. मला शेवटी ४ मिलिमीटर हवे होते, म्हणून पत्र्यावर साडेचार ठेवले. जिथे पत्रा जास्त होता तिथे कड घासली, कमी होता तिथे बारीक वेल्डिंगने भरली. फट पुट्टीने बनवायची नाही, दार दोन वेळा आपटलं की कडेची पुट्टी सुटते.

घासकामाचा क्रम असा. पत्रा ८० नंबरच्या सँडपेपरने खरडून, ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसून दोन हात एपॉक्सी प्रायमर. पुट्टी एपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही, म्हणजे पुट्टीखाली ओल धरत नाही. पुट्टी ८०, १५०, १८०. मग जाड बसणारा टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) सर्फेसर, त्यावर काळी गाइड पावडर, आणि लांब ठोकळ्याने तिरप्या फुल्या मारत २२० आणि ३२०. काळं उरलं तिथे खड्डा, पत्रा दिसला तिथे उंचवटा. शेवटी पाण्यात ४०० आणि ६००. ठोकळा मारताना दार, काउल आणि मागची बाजू एकत्र जोडलेलीच ठेवायची. बत्तीसच्या बॉडीवर एक उठावाची रेघ पुढून मागे जाते. दार काढून वेगळं घासलं तर ती दाराशी तुटल्यासारखी दिसते.

आणि चासी विसरू नका. बत्तीसच्या फोर्डची चासी बाहेरून दिसते, तिच्या बाजूला कारखान्यानेच नक्षीचा उठाव दिलेला आहे. मडगार्ड नसले की ती बॉडीइतकीच डोळ्यात भरते. म्हणून चासीच्या बाहेरच्या बाजूला बॉडीसारखंच पूर्ण घासकाम केलं.

रंग वॉशिंग्टन ब्ल्यू. १९३२ साली फोर्ड हा रंग देत असे. चाकं टकोमा क्रीम, तीही त्याच काळातली. निळा साधा आहे, मेटॅलिक नाही, आणि हे मुद्दाम. मेटॅलिक रंगात गनचा कोन आणि अंतर बदललं की कण वेगळे बसतात, त्यामुळे दार, हुड आणि बॉडी वेगवेगळी रंगवली तर छटा जुळत नाही. घरच्या गॅरेजात सगळं एका वेळी मावत नाही. साध्या रंगात ही अडचण येत नाही. सिंगल स्टेज युरेथेन वापरला, म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात, वर क्लिअरचा पारदर्शक थर नाही.

फेरजोडणीचं पुढच्या प्रतिसादात लिहितो.

पानगळ

वाचतोय. फोटोतली ती बॉनेटची जाळीदार बाजू रंगवलीत कशी? पुढच्या भागाची वाट पाहतोय.

डेटनकर

पानगळ, ते लूव्हर, म्हणजे हवा जाण्यासाठी पत्र्यात काढलेल्या उभ्या फटी. माझ्या हुडच्या प्रत्येक बाजूला २५ आहेत. सपाट भाग आधी मारला तर लूव्हरच्या आत उडालेला रंग कोरडा होऊन खरखरीत बसतो. म्हणून आधी दाब कमी करून प्रत्येक लूव्हरच्या आत आणि कडेला हलका हात, मग लगेच संपूर्ण बाजू. उलट्या बाजूने, म्हणजे आतून, त्याच्याही आधी.

उद्यमनगर

नमस्कार डेटनकर. कोल्हापुरात उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज हाय आमचं, वडिलांपासून. तुमचं फटीचं गणित एकदम बरोबर. आमच्याकडं अपघाताच्या गाडीचं दार बदलताना हेच होतं. दार नवीन, बिजागरी जुनी, पोरं पहिलं रंगवतात आणि मग बसवायला जातात. मी कायम सांगतो, पहिलं बसवा, उघडा-मिटा, मग काढून रंगवा.

दोन प्रश्न. एक, सिंगल स्टेज का? आता लोक बेस आणि क्लिअरच मागतात, चकाकी जास्त दिसते म्हणून. दोन, घरात धुळीचं काय केलं? आमच्याकडं पावसाळ्यात कंप्रेसरमधनं पाणी येतं, उन्हाळ्यात रस्त्याची धूळ. दिवाळीच्या आसपासचे दोन महिने सोडले तर स्वच्छ रंग मारणं अवघडच.

डेटनकर

उद्यमनगर, तुमच्यासारख्या माणसाचा प्रतिसाद आला, फार बरं वाटलं.

सिंगल स्टेज घेण्याची कारणं तीन. पहिलं, चासी, अ‍ॅक्सल, बॉडी यांची चमक एकसारखी हवी होती, आणि हे सगळे तुकडे शेजारी शेजारी दिसतात. दुसरं, १९३२ साली बॉडीवर लॅकर असायचा. त्याची चमक रंगातूनच यायची, वरच्या काचेसारख्या थरातून नाही. या आकाराच्या गाडीवर जाड क्लिअर मला परका वाटतो. तिसरं, मडगार्ड नाहीत म्हणजे पुढच्या चाकांचे खडे थेट बॉडीवर. सिंगल स्टेजमध्ये टवका भरून घासता येतो, क्लिअरमध्ये कडा दिसत राहते. तोटा एकच, पॉलिश करताना पॅड निळा होतो, म्हणजे आपण रंगच काढत असतो. म्हणून तीन पूर्ण हात मारले.

धुळीसाठी गॅरेजात लाकडी चौकट करून प्लास्टिकची खोली केली. एका टोकाला घर गरम करणाऱ्या भट्टीला लागतात तसले फिल्टर, दुसऱ्या टोकाला हवा बाहेर काढणारा पंखा. पंख्याबद्दल एक अगदी महत्त्वाचं. थिनरची वाफ पेट घेते, त्यामुळे ठिणगी पडणारी साधी मोटर त्या वाऱ्याच्या वाटेत नको. आणि इथे अमेरिकेत बऱ्याच गॅरेजात गॅसवर चालणारा गिझर असतो, त्याची ज्योत आत सतत पेटलेली असते. मी गॅसच बंद केला, आणि वाफ पूर्ण जाईपर्यंत चालू केला नाही. जमीन ओली केली की धूळ दबते. कंप्रेसरपासून गनपर्यंत हवा लांब तांब्याच्या नळीतून नेली, म्हणजे ती वाटेत थंड होते आणि पाणी नळीच्या खालच्या टोकाला साचतं. शेवटी फिल्टर. ओहायोत उन्हाळा दमट आणि हिवाळा कडक, म्हणून सप्टेंबर धरला. पत्रा २० ते २२ अंशांवर असला की रंग पसरायला वेळ मिळतो.

रानपाखरू

मी पुण्यात औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, रंगाच्या कारखान्यांशी रोजचा संबंध असतो. धागा आवडला, पण मास्कबद्दल एक ओळही नाही, म्हणून थोडं कडकपणे लिहिते आहे.

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. थिनरचा वास येतो, याचा धोकादायक पातळीलाही येईलच असं नाही. त्यामुळे 'वास येत नाही म्हणजे मास्क काम करतोय' हा हिशेब इथे लागू होत नाही. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की दमा जडतो आणि मग अगदी थोड्या संपर्कानेही झटका येऊ शकतो. त्यावर परत मागे जाण्याचा रस्ता नाही, माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. मी असे रंगारी पाहिले आहेत, पस्तिशी-चाळिशीतले. त्वचेतूनही ते शरीरात जातं. ओला रंग घासताना, गन धुताना, हार्डनर मोजताना, सगळीकडे हातमोजे हवेत.

गन मारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क वापरावा. दाढी असेल तर घट्ट बसणारा मास्क गळतोच. आणि घराला जोडलेल्या गॅरेजात हे करत असाल तर घरातल्या लोकांचं काय?

डेटनकर

रानपाखरू, अगदी योग्य लिहिलंत, आणि हे मूळ धाग्याइतकंच महत्त्वाचं आहे. मी हवा पुरवणारा मास्कच वापरला. त्याचा छोटा पंप गॅरेजच्या बाहेर, अंगणात वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवला होता. अंगभर कागदी सूट, नायट्राइल हातमोजे, दाढी काढलेली. रंग मारला त्या दोन्ही वेळा घरचे माझ्या भावाकडे सिनसिनाटीला होते, गॅरेज आणि घरामधलं दार कडेने टेपने बंद केलं होतं आणि घराची हवा खेळवणारी यंत्रणाही बंद. घरी रंग मारायची कोणाची इच्छा असेल आणि एवढी तयारी करणं शक्य नसेल, तर घासकाम स्वतः करा आणि रंग बूथ असलेल्या गॅरेजात द्या. गाडी तरीही तुम्ही बांधलेलीच राहते, कारण मेहनतीचा मोठा वाटा घासकामाचाच.

उद्यमनगर

ताई, तुम्ही लिहिलेलं रात्री दोनदा वाचलं. आमच्याकडं अजून तोंडाला रुमाल बांधून मारतात. माझ्याकडच्या एका पोराला गेल्या हिवाळ्यापास्नं खोकला हाय, मी थंडीचा समजत होतो. त्याला काय तपासायला सांगू?

रानपाखरू

दादा, त्याला छातीरोगतज्ज्ञाकडे पाठवा आणि 'मी टू-के रंगाचं काम करतो' हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगायला हवं. डॉक्टर बहुतेक फुप्फुसांची क्षमता मोजतील. सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो आणि कामावर आला की वाढतो का, हे आठवडाभर लिहून ठेवायला सांगा, डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. तोवर त्याला गनपासून लांब ठेवा, फिटिंगचं काम द्या. आणि तुमच्या गॅरेजातही हवा पुरवणारा मास्क बसवता येईल, कंप्रेसर आहेच. पण पिस्टनच्या कंप्रेसरची तेलकट हवा थेट श्वासाला द्यायची नाही, त्यासाठी वेगळा तेलविरहित पंप लागतो. मला व्यक्तिगत निरोप करा, यादी पाठवते.

उद्यमनगर

करतो. उपकार झाले ताई.

तळ्यात_मळ्यात

मूलभूत प्रश्न विचारते, राग मानू नका. हॉट रॉड म्हणजे नेमकं काय? जुनी गाडी मूळ रूपात ठेवायची सोडून तिचे मडगार्ड काढून दुसरं इंजिन का बसवायचं?

पोमोना

राग कसला. मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो, हे सगळं जिथे सुरू झालं तिथेच, म्हणून उत्तर देतो.

आमच्या उत्तरेला वाळवंटात कोरडी तळी आहेत, मुरॉक आणि एल मिराज. मैलोगणती सपाट, कडक जमीन. १९२०-३०च्या दशकांत लॉस एंजलिसची तरुण पोरं जुन्या स्वस्त फोर्ड घेऊन तिथे जायची. वेग हवा, पैसा नाही. मग वजन कमी करायचं, म्हणून मडगार्ड काढले, छत काढलं, काच आडवी केली. घड्याळ लावून नीट वेळ मोजावी म्हणून १९३७ साली क्लब एकत्र आले आणि सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. पुढे मुरॉकची जागा हवाई दलाकडे गेली, आज तिथे एडवर्ड्स तळ आहे. एल मिराजवर मात्र अजूनही धावतात. १९४९पासून युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगसप्ताह भरतो.

बत्तीसचंच एवढं कौतुक का, तर त्या वर्षी फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ दिलं. २२१ घनइंच, म्हणजे ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती. हलकी गाडी, आठ सिलिंडर आणि पाच-सात वर्षांनी जुन्या बाजारात कवडीमोल भाव. पोरांना आणखी काय हवं?

त्यामुळे मडगार्ड काढणं ही मोडतोड नाही. ती परंपराच नव्वद वर्षांच्या आसपासची आहे. शिवाय डेटनकरांनी नवी बॉडी घेतली, एकही मूळ गाडी कापलेली नाही.

उद्यमनगर

व्ही-८चा तो ब्लॉक एकाच ओतीव तुकड्यात होता हे वाचलेलं. आमच्या शिरोलीत फौंड्रीवाले आहेत, त्यांना विचारून बघा आठ सिलिंडर, पाण्याच्या वाटा, एक्झॉस्टच्या वाटा सगळं एका साच्यात धरायचं म्हणजे किती कोअर (आतल्या पोकळीसाठीचे वाळूचे गाभे) आणि किती रिजेक्शन. १९३२ साली ते रोजच्या उत्पादनात आणलं, मानलं पाहिजे.

पोमोना

आणि त्याच एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकमधून फिरवल्यामुळे ते इंजिन तापायचं. डेटनकरांनी ३०२ बसवलं त्यामागे हेही असणार.

बाकी रंगाबद्दल माझं मत वेगळं आहे. बेस आणि क्लिअर घेतला असता तर उन्हात निळा जास्त टिकला असता. आमच्याकडे हवेच्या प्रदूषणाचे नियम कडक आहेत, रंगातल्या द्रावकावर मर्यादा आहे, त्यामुळे व्यावसायिक गॅरेजं पाण्यावर आधारित बेसकडे वळली. त्यावर क्लिअर लागतोच, आणि निकाल सुंदर येतो. ग्रँड नॅशनल रोडस्टर शो १९५० साली ओकलंडला सुरू झाला, आता आमच्या पोमोनाला भरतो. तिथे जवळून बघा, क्लिअर नीट घासला की तो परका वाटत नाही.

डेटनकर

पोमोना, तुमच्या उन्हात मी कदाचित तुमचंच ऐकलं असतं. ओहायोत गाडी हिवाळाभर झाकलेली असते. शोच्या गाड्यांवरचा क्लिअर सुंदर असतो यात वाद नाही. पण मला ही गाडी चालवायची आहे, कोलंबस आणि लुइव्हिलच्या मेळाव्यांना रस्त्याने न्यायची आहे, ट्रेलरवर घालून नाही.

आता फेरजोडणी.

रंग मारून झाल्यावर काही दिवस सगळं तसंच ठेवलं, मग १५००, २०००, ३००० ने पाण्यात घासून पॉलिश. कडांवर आधी टेप, कारण कडेवर रंग पातळ असतो आणि यंत्राचा पॅड तिथेच खातो. मेण लावायचं नाही, निदान दोन महिने. आतलं द्रावक बाहेर पडायला वाट हवी.

जोडायला बसण्याआधी प्रत्येक आट्यातून टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवला. आट्यात रंग असेल तर बोल्ट कडक जातो, आपल्याला वाटतं घट्ट बसला, आणि खरं तर तो रंगावर अडकलेला असतो.

याहून गंभीर गोष्ट, जिथे दोन भाग ताकदीने दाबून धरले जातात तिथे मध्ये जाड रंग असता कामा नये. चाक जिथे हबवर बसतं ती जागा, ब्रेक ड्रम आणि हबमधली जागा, स्टिअरिंगचे आर्म. रंग दाबाखाली हळूहळू सरकतो, जाडी कमी होते आणि नट सैल पडतो. या सगळ्या जागा मी रंगाआधी टेपने झाकल्या होत्या. बाकीचे बोल्ट पहिल्या काही शे मैलांनंतर परत टॉर्कने तपासले. बरेचसे थोडे फिरले.

अर्थिंगचंही तसंच. रंगवलेली बॉडी, रंगवलेली चासी, मध्ये पट्टी. वीज परत जाणार कुठून? दिवे मंद लागतात, इंधनाचा काटा चुकतो, आणि माणूस वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो. बॅटरीपासून चासीला, चासीपासून इंजिनला, चासीपासून बॉडीला अशा तीन तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या टाकल्या. त्या बोल्टांखाली तेवढाच रंग खरडून दात्यांचा वायसर, आणि वरून गंज रोखायला ग्रीस.

बॉडी चासीवर ठेवायच्या दिवशी आमच्या मराठी मंडळातले चौघे आणि शेजारचे एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी आयुष्यभर कारखान्यात पत्र्याचं काम केलेलं. सगळ्यांना बेल्ट, घड्याळ, अंगठी काढायला लावली. चासीवर जुन्या गोधड्या टाकल्या होत्या, बॉडी वर आली की एकेक ओढून घेतली. बोल्टांच्या भोकांत लांब खिळे उभे ठेवले होते, त्यामुळे बॉडी थेट जागेवर उतरली. वहीतल्या नकाशाप्रमाणे शिम घातले, बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. दारं लावली. दोन्ही बाजूंना फट ४ मिलिमीटर. त्या शेजाऱ्यांनी कडेवरून नख फिरवून पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला भरून आलं.

हुडला सगळ्यात जास्त वेळ लागला. बत्तीसमध्ये हुडची फट हुडवर ठरतच नाही, ती रेडिएटर आणि ग्रिलच्या कवचावर ठरते. रेडिएटरखाली एक शिम घातला की कवच वर जातं आणि हुडचा मागचा कोपरा उघडतो. आधी रेडिएटर, मग कवच, मग वरच्या दांड्या, मग हुड, हाच क्रम. काउलवर आणि कवचावर कापडी लेस लावली, म्हणजे पत्रा पत्र्यावर घासत नाही. ती लेस पाण्याने ओली राहते, म्हणून तिच्या रिव्हेटच्या प्रत्येक भोकात आधी हाताने ब्रशने रंग भरला होता.

जीपवेडा

सुंदर. मी नाशिकला जुनी महिंद्रा जीप जोडतोय, त्यामुळे शिमच्या नकाशाची कल्पना थेट उचलणार. असं काही भारतात करता येईल का? दुसऱ्या कंपनीचं इंजिन, मडगार्ड काढून वगैरे? आणि तुमच्याकडे अशा गाडीला पासिंग कसं मिळतं?

डेटनकर

ओहायोत ही 'स्वतः जोडलेली गाडी' म्हणून नोंदवली जाते. राज्याच्या हायवे पोलिसांकडून तपासणी होते, आणि मुख्य भाग कुठून घेतले त्याच्या पावत्या दाखवाव्या लागतात. पावत्या पहिल्या दिवसापासून जपा, एवढंच सांगेन. भारताचं जाणकारांनी सांगावं.

पानगळ

भारताचं मी सांगतो, वकिली करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी घ्यावी लागते. रंग बदलला तरी आरसीवर नोंद करून घ्यायची. मडगार्ड काढून रस्त्यावर आणणं सोडूनच द्या. पण तुमची जीप ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पाटीवर 'व्हीए' येतं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल नकोत. तेव्हा जीपवेडा, तुम्ही मूळ रूपातच जोडा.

जीपवेडा

धन्यवाद पानगळ. इंजिन मूळचंच ठेवतो मग. डेटनकर, माझ्या जीपचे मडगार्ड आणि टब (मुख्य बॉडी) वेगवेगळे रंगवायचे आहेत. लष्करी मॅट हिरवा. घासून पॉलिश करता येत नाही ना त्यात?

उद्यमनगर

याचं मी सांगतो. मॅटला पॉलिश चालत नाही, घासलं की तिथं चकाकतं. म्हणून मॅटला धूळ आणि ओघळ दोन्हीला माफी नाही, गनमधनं जे आलं तेच शेवटचं. शेवटचा हात सगळ्या तुकड्यांना एकाच मिश्रणातनं, एकाच दिवशी, एकाच गतीनं मारा. जाड झालं तिथं चमक वेगळी दिसते. आणि सर्फेसर ६०० पर्यंत घासा, मॅटखाली ओरखडे दिसत नाहीत असा गैरसमज हाय. तिरप्या उन्हात सगळे दिसतात.

कोल्हापूरला या दसऱ्याला. छत्रपतींची मेबॅक बाहेर काढतात, तिचा रंग बघण्यासारखा हाय. गॅरेजवर चहाला थांबा, जीपच्या पत्र्याचे फोटो घेऊन या.

जीपवेडा

नक्की येतो दादा. टबच्या खालच्या बाजूला गंजाची भोकं आहेत, तीही बघायला लागतील.

पोमोना

डेटनकर, एक राहिलं. खडे लागून टवके उडाले तर भरणार कसे? पुढच्या चाकांमागे, काउलच्या खालच्या बाजूला लवकरच सुरू होईल ते.

डेटनकर

सुरू झालंच आहे, दोन बारीक टवके आहेत. उरलेला रंग हार्डनर न घालता घट्ट बंद डब्यात ठेवला आहे. टवक्याची आतली कड टोकदार कागदाने साफ करायची, पत्रा दिसत असेल तर थेंबभर एपॉक्सी. मग वाटीत थोडा रंग हार्डनरसकट मिसळून, टोक कापलेल्या बारीक ब्रशने थेंब ठेवायचा, सभोवतालच्या पातळीच्या किंचित वर. दोन-तीन दिवस वाळू द्यायचं. नंतर छोट्या कडक ठोकळ्याला २००० चा कागद लावून फक्त तो उंचवटा उतरवायचा, ३०००, आणि हाताने पॉलिश. यंत्र लावायचं नाही, आजूबाजूचा चांगला रंग पातळ होतो. वाटीभर मिश्रणालाही हातमोजे आणि उघड्यावरची जागा, रानपाखरूंनी सांगितलेलं इथेही लागू.

काउलखाली पारदर्शक फिल्म लावायचाही विचार आहे, पण रंग पूर्ण वाळल्याशिवाय नाही. उन्हाळ्यात लावेन, तेव्हा इथेच लिहितो.